ठोंबरे भाऊंचं बटण

नोकरीच्या पहिल्या दिवशी ठोंबरे भाऊंनी मला नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, "अंगठा दाखव."

मला वाटलं, हजेरीसाठी असेल. मी उजवा हात पुढे केला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, बाजारात भेंडी कोवळी आहे का बघतात तसा उलटसुलट केला आणि परत दिला.

"मऊ हाय," ते म्हणाले. "ह्या अंगठ्याला कंचाबी फोन चालंल. ह्याच्यावर इस्वास ठेवू नगंस."

पुण्यातून डिझाइनचं शिक्षण घेऊन, पहिल्या वर्गाचं सर्टिफिकेट फोल्डरमध्ये घालून मी लोणावळ्यात, म्हणजे माझ्याच गावात नोकरीला आले होते. माझ्या अंगठ्याची अशी जाहीर बेअब्रू होईल असं स्वप्नातही नव्हतं. मी तेव्हाच ठरवलं, या माणसाशी आपलं जमणार नाही. जमलं. पण ते कसं जमलं आणि त्याची काय किंमत मोजावी लागली, तेच सांगायला बसले आहे.

आमचं ऑफिस म्हणजे एका लाँड्रीच्या वरच्या तीन खोल्या. खाली हॉटेलांच्या चादरी धुतल्या जायच्या आणि वर आम्ही पाच जण फोनवरची अ‍ॅप बनवायचो. मालक निखिल, वयाने तिशीचा, तोंडात कायम 'स्टँडर्ड' हा शब्द. ठोंबरे भाऊ अठ्ठावन्न वर्षांचे. पूर्ण बाह्यांचा चौकटीचा शर्ट, खिशाला पेन, पायात सँडल. वीस-बावीस वर्षं ते एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये होते. कारखाना बंद पडला. निखिलने एका कामापुरतं त्यांना बोलावलं आणि ते कायमचेच झाले. त्यांच्या कार्डावर 'युजर एक्सपिरियन्स कन्सल्टंट' असं छापलेलं होतं. गावात कोणी विचारलं की ते सांगत, "बटणं कुटं ठेवायची त्ये मी सांगतो."

आता ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फोनच्या पडद्यावर काय कुठे असावं याचे नियम असतात. मोठमोठ्या कंपन्यांनी ते लिहून ठेवलेत. महत्त्वाचं बटण खाली, अंगठा पोचेल तिथे. चित्राखाली शब्द. रंग असा, आकार तसा. हे नियम मी पाठ केले होते आणि भाऊ त्यांना 'तुजी पोथी' म्हणत. मला वाटायचं, या माणसाने ती उघडूनही पाहिली नसेल. एकदा त्यांच्या खणात स्टेपलर शोधताना मला ती पोथीच सापडली. सगळीच्या सगळी छापून, सुईदोऱ्याने शिवून, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा केलेली.

"भाऊ, तुम्ही हे सगळं वाचलंय?"

"तर! नेम मोडणाऱ्याला नेम पाठ पायजे. न्हाईतर त्ये मोडणं न्हाई, त्ये धडपडणं."

मोडण्याचा त्यांचा स्वतःचा असा एकच कायदा होता. कुणासाठी मोडतोस, त्याचं नाव-गाव सांग. नाव-गाव सांगता आलं तर मोड. नाही आलं तर गप पोथीप्रमाणे चाल. मी एकदा एका अ‍ॅपमधला मेनू मोठ्या कौतुकाने लपवला. पडदा कसा स्वच्छ, मोकळा दिसत होता.

"हे कुणासाठी?" भाऊंनी विचारलं.

"सगळ्यांसाठी."

"सगळे कुटल्या गावचे?"

मेनू परत आणला.

त्यांचा कायदा म्हणजे नुसती बडबड नव्हती. आम्ही वीकेंडच्या बंगल्यांचं एक अ‍ॅप करत होतो. पाहुणे गेले, खोली झाडली, चादरी बदलल्या, असं बंगला सांभाळणारा माणूस फोनवर दाबून कळवणार. भाऊंनी 'झालं' हे बटण डाव्या कोपऱ्यात टाकलं. मी म्हटलं, चुकीचं आहे, जग उजव्या हाताने दाबतं. त्यांनी वाद घातला नाही. मला रिक्षात घातलं आणि वलवणला एका बंगल्यावर नेलं. तिथे मंदाबाई फरशी पुसत होत्या. उजव्या हातात ओलं फडकं. फोन वाजला तसा त्यांनी डाव्या हाताने कनवटीचा काढला आणि डाव्याच अंगठ्याने दाबला.

"हिचं नाव मंदा," भाऊ म्हणाले. "गाव वलवण."

"आन् तुमचं वो?" मंदाबाईंनी मला विचारलं. मी नाव सांगितलं, गाव विसरले, इतकी ओशाळले होते.

येताना भाऊंनी वडापाव खाऊ घातला आणि वर एक शब्दही बोलले नाहीत. जिंकल्यावर न बोलण्याची त्यांना वाईट खोड होती. बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

तपासणीच्या त्यांच्या तऱ्हा ऐकाल तर हसाल. लाँड्रीतल्या गड्याचे हात दिवसभर पाण्यात असत, बोटांना सुरकुत्या. कुठलाही नवा पडदा तयार झाला की भाऊ फोन घेऊन खाली जात आणि आधी त्याच्याकडून दाबून घेत. डबा खाताना त्यांनी मला चटणीच्या बोटाने फोन चालवायला लावलंय. निखिलला एकदा कानटोपी घालून, हातमोजे चढवून ऑफिसात उभं केलं, कारण अ‍ॅप पवनानगरच्या जीपवाल्यांचं होतं आणि थंडीचे दिवस होते. निखिल हातमोज्यांनी दाबतोय, काही उघडत नाहीये, आणि एवढ्यात पुण्याचे पाहुणे दारात. त्या दिवशी निखिल दोन तास भाऊंशी बोलला नाही.

कारखान्यातल्या गोष्टी मात्र ते रंगून सांगत. "तितं एक लाल बटण व्हतं. दाबलं की सगळं बंद. रोजची बटणं हाताशी ठिवली व्हती, ह्ये लांब. लांबचं मुद्दाम लांब. वाकून दाबावं लागायचं. वाकंपातुर माणूस इचार करतो." मग माझ्या पडद्यावरच्या 'डिलीट' वर बोट ठेवून म्हणत, "हितं कोण वाकतंय?"

आणि दिवसभर त्यांचा फोन वाजायचा. दिवसातून तीस-चाळीस वेळा. मीटिंग चालू असो, जेवण असो, भाऊ फोन कानाला लावून तेच चार शब्द बोलायचे, "हां. हाय मी. हितंच." आणि ठेवायचे. एवढंच. कधी लागोपाठ तीनदा वाजायचा आणि तीनदा तेच उत्तर. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

आम्ही टवाळकी करायचो. करणारच. निखिल म्हणायचा, "भाऊ, वहिनींना सांगा, आम्ही तुम्हाला पळवून नेत नाही." मी तर एकदा फळ्यावर त्या दिवसाचे फोन मोजायला रेघा ओढल्या. सदतीस झाल्या. भाऊ हसले, म्हणाले, "लय प्रेमाची हाय." त्या रेघा आठवल्या की मला आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

'हाक' हे त्यांनी एकट्याने उभं केलेलं अ‍ॅप. मुलं कामाला पुण्या-पिंपरीला, घरात एकटं म्हातारं माणूस, त्याच्यासाठी. पडद्यावर एकच बटण. दाबलं की ठरलेल्या एका माणसाला फोन; त्याला रेंज नसेल तर त्याचाच भरून ठेवलेला आवाज. कल्पना सोपी, पण त्या एका बटणात भाऊंनी पोथीतले जेवढे नियम मोडता येतील तेवढे मोडले होते. बटण पार वर, डाव्या कोपऱ्यात, जिथे कुणाचाच अंगठा पोचत नाही. रंग काळपट तपकिरी. शब्द नाही. चित्र फोनचं नाही, तर दाराच्या साखळीच्या कडीचं. आणि दाबलं की कडी वाजल्यासारखा खळळ् आवाज.

"हे कुणासाठी मोडलं?" मी त्यांचाच प्रश्न त्यांना टाकला.

"हाय एक बाई. वडगावात."

"नाव?"

भाऊंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. "नाव र्‍हाऊ दे," म्हणाले.

सगळ्यांकडून नाव-गाव वसूल करणारा माणूस इथे अर्धाच पत्ता देत होता. भाऊ स्वतः वडगाव मावळचे. असेल कोणी शेजारची म्हातारी, असं मी धरून चालले. जास्त विचारलं नाही.

मग पुण्याच्या एका संस्थेला 'हाक' आवडलं. त्यांना ते त्यांच्याकडच्या सगळ्या वृद्धांच्या फोनवर हवं होतं. फक्त त्यांच्या तज्ज्ञांनी चुकांची यादी पाठवली. बटणाची जागा, रंग, चित्र, आवाज. यादी वाचताना मला आतून गुदगुल्या झाल्या, कारण त्यातलं अक्षर न् अक्षर मी आधी बोलून झाले होते.

"करून टाक स्टँडर्ड," निखिल म्हणाला. "गुरुवारी भाऊ पवनानगरला आहेत. त्यांच्यासमोर नको, उगाच महाभारत."

गुरुवारी भाऊ धरणाकाठच्या तंबूवाल्यांकडे जीपवाल्यांचं अ‍ॅप दाखवायला गेले. त्या बाजूला डोंगराआड फोनला रेंज नसते. मी बटण खाली मधोमध आणलं, हिरवं केलं, फोनचं चित्र टाकलं, खाली 'कॉल करा' लिहिलं. आवाज काढला. दिसायला सुंदर झालं. पाठवण्याआधी वडगावातल्या त्या बाईची आठवण मला झाली, हे मी लपवणार नाही. एका फोनवर जुनं तसंच ठेवणं दोन मिनिटांचं काम होतं. पण मी मनात म्हटलं, भाऊंचाच कायदा आहे ना, नाव सांगता येत नसेल तर पोथीप्रमाणे चालायचं. आणि पाठवून दिलं. अकरा वाजेपर्यंत सगळ्या फोनांवर नवं बटण आलेलं होतं.

पडद्यावर कुठे कुठे बोट लागलं, याची नोंद आमच्याकडे येते. दुपारी ती बघताना एक फोन वेगळा दिसला. त्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे आता काहीच नव्हतं, तिथे कुणीतरी दाबत होतं. एकदा, दोनदा नव्हे. साडेअकरापासून सतत. मधे थोडा वेळ थांबून पुन्हा. मी निखिलला दाखवलं. तो म्हणाला, फोन खराब असेल, पाणी पडलं असेल काचेवर. मलाही तसंच वाटलं. खरं म्हणजे वाटून घेतलं. दोनच्या सुमाराला ते दाबणं थांबलं, आणि मला बरंच वाटलं.

तीनला ऑफिसचा फोन वाजला. पलीकडे घाबरलेली बाई.

"ठोंबरे भाऊ हायत का? मी मंगल बोलते, त्यांच्या शेजारची. त्यांचा फोन लागंना. शैलावैनी घरात न्हाईत. दार सताड उघडं हाय."

"बाहेर गेल्या असतील मावशी, येतील."

"आवो कुटनं येतील? त्यांना काय ठावं ऱ्हातंय का? दोन वर्सं झाली, सगळा इसर पडलाय त्यांना. भाऊंना फोन लावत्यात तेवडंच. त्या भितीवरच्या फोनानं."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की मी त्या नोंदीकडे पाहत होते आणि ते डाव्या कोपऱ्यातले ठिपके मोजत होते, आणि मोजणं जमत नव्हतं.

निखिलने गाडी काढली. वडगावला पोचेपर्यंत मी भाऊंचा फोन लावत राहिले. मंगलमावशी रस्त्यावर उभ्याच होत्या. बाजार पाहिला, एसटीचा थांबा पाहिला, स्टेशनावर विचारलं. शेवटी एक रसवाला म्हणाला, एक बाई अनवाणी कोर्टाकडे गेल्या.

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर, तारखेला आलेल्या माणसांच्या रांगेत शैलावहिनी बसल्या होत्या. हिरवं लुगडं, केस नीट विंचरलेले, हात मांडीवर. कुणाची तरी वाट पाहणाऱ्या इतर माणसांसारख्याच दिसत होत्या, म्हणून त्यांना कुणी हटकलं नव्हतं. फक्त शिपाई त्यांच्याजवळ उभा होता. माझ्याच वयाच्या आसपासचा.

"तुमच्या हायत का?" त्याने विचारलं. "दोनच्या पुढं आल्या. मी दारात नावं पुकारत होतो. पक्षकारांची. मला म्हणाल्या, तुमी हाक मारली की माणसं येत्यात, तर आमच्या ह्यांना हाक मारा. कडी वाजवून वाजवून हात दुखला, येईनात."

"मग?"

शिपाई जरा संकोचला. "मग काय, त्यांनी नाव सांगितलं, मी पुकारलं. दत्तात्रय ठोंबरे, हाजिर हाय का? तीन येळा. नेमात न्हाई बसत ताई, आमाला फक्त यादीतली नावं पुकारता येत्यात. पर पुकारलं. तवापासनं बसल्यात, येत्यात म्हणून."

मी वहिनींसमोर गुडघ्यावर बसले. त्यांनी माझ्याकडे छान हसून पाहिलं आणि सरकून बाकावर जागा करून दिली.

भाऊंची जीप कामशेतला आल्यावर त्यांचा फोन लागला. ते आले तेव्हा आम्ही वहिनींना घरी आणलं होतं. वहिनी त्यांना म्हणाल्या, "कुटं व्हता?" आणि ते म्हणाले, "हितंच व्हतो. चुकलं." मग भाऊंनी वहिनींचे पाय धुतले, तळव्यातला काटा काढला, चहा टाकला. मी बाहेरच्या खोलीत उभी होते. दाराच्या डाव्या बाजूला भिंतीत एक लाकडी चौकट ठोकलेली होती, डोक्याएवढ्या उंचीवर. त्यात फोन उभा बसवलेला. त्यावर माझं हिरवं बटण.

मी तिथेच लॅपटॉप उघडला आणि जुनं बटण परत आणलं. वीस मिनिटं लागली. भाऊ चहाचा कप घेऊन आले आणि माझ्याशेजारी खाली बसले. मला वाटलं होतं, बोलतील, रागावतील. मी त्यासाठी तयार होते. मला ते हवंही होतं.

"आमच्या जुन्या घराला वर साखळीची कडी व्हती," ते सांगू लागले. "डाव्या अंगाला. मी पाळीवरनं येऊन मागं वावरात असलो का ही कडी वाजवायची. जेवाय चला, पावणं आल्यात, काय आसंल त्ये. कडी वाजली का मी निघायचो. पस्तीस वर्सं. डोक्यातनं सगळं गेलं तिच्या. पोराचं नाव गेलं, सैपाक गेला. हाताला कडी तेवडी ध्यानात ऱ्हायली. मग म्हणलं, तिथंच ठिवू बटण."

"भाऊ, तुम्ही मला नाव का नाही सांगितलं?" मी विचारलं. खरं तर मला माफी मागायची होती, पण तोंडातून हेच आलं.

त्यांनी कपावरची साय बोटाने बाजूला केली.

"सांगितलं आसतं तर तुमी इचारलं आसतं, काय झालंय त्यांना," ते म्हणाले. "आन् मला त्ये सांगाय लागलं आसतं. मी आजपातुर कुणाला तोंडानं सांगितलं न्हाई. सांगितलं का खरं व्हतं बग." मग कप खाली ठेवत म्हणाले, "तुजी चूक न्हाई ताई. नेम मीच केला, आन् मीच पाळला न्हाई."

चूक माझीच होती. हे मी तेव्हा म्हणाले आणि आजही म्हणते. ते कप विसळायला उठले. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला आले.

पण फोन वाजला नाही.

सकाळी त्यांनी तो टेबलावर समोर ठेवला. अकरा वाजले, बारा वाजले. आम्ही सगळे ऐकू न येणारा तो फोन ऐकत बसलो होतो. खाली लाँड्रीची यंत्रं घरघरत होती. नोंद मी दर पाच मिनिटांनी बघत होते. पडद्यावर कुणाचंही बोट लागलेलं नव्हतं. दुसरा दिवस तसाच, तिसरा तसाच. भाऊ रोज सकाळी निघण्याआधी वहिनींचा हात धरून कडीवर नेत, दाबवत. खळळ् वाजलं की त्या हसत. हात सोडला की विसरत. पस्तीस वर्षं जे त्यांच्या हातात टिकलं होतं, ते मी एका दुपारी घालवलं होतं. अडीच तास कडी वाजवली आणि कुणी आलं नाही. मग हातानेही तो नाद सोडला.

मी जिन्यात जाऊन रडले. लाँड्रीतला गडी चादरींचा गठ्ठा घेऊन गच्चीवर चालला होता, तो तसाच उलटा खाली गेला.

आठवड्याने भाऊ माझ्या टेबलाशी आले. उभेच राहिले.

"ताई, एक काम हाय. नेमाच्या भाईर हाय."

त्यांना असं हवं होतं, की त्यांनी इथून फोन लावला तर तिकडचा फोन आपोआप उचलला जावा. कुणी न दाबता. म्हणजे घरातल्या माणसाच्या परवानगीशिवाय त्याच्या घरातला आवाज बाहेर जाणार. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. बाकीचे नियम सोयीचे, हा नियम माणसाच्या अब्रूचा. दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. भाऊंनाही ते माहीत होतं. त्यांच्या शिवलेल्या पोथीत त्या पानावर दोन-दोन रेघा होत्या.

"त्यांना विचारताही येणार नाही आपल्याला," मी म्हटलं.

"इचार केलाय. फकस्त माजाच लंबर. उचलायच्या आदी कडी वाजंल, मोठ्यांदा, म्हंजी कोनतरी आलंय ह्ये कळंल. आन् मंगलबाईंनी बंद म्हणलं का बंद. त्यांच्या हातात एक बटण दे. वाकून दाबायचं न्हाई, हाताशी दे."

मी कॉम्प्युटर पुढे ओढला. असं काही नियमाबाहेर केलं, की ते का केलं हे तिथेच एका ओळीत लिहून ठेवायचं असतं, पुढे येणाऱ्याला कळावं म्हणून. मी लिहायला लागले आणि थांबले. त्यांच्याकडे पाहिलं. विचारावं लागलं नाही.

"शैला दत्तात्रय ठोंबरे," ते म्हणाले. सावकाश, मला नीट लिहिता यावं म्हणून. "मुक्काम पोस्ट वडगाव मावळ. तिला इसर पडलाय."

मी लिहिलं. निखिल त्याच्या टेबलावरून ऐकत होता. तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

दोन दिवसांनी तयार झालं. दुपारची जेवणं उरकल्यावर भाऊंनी पहिल्यांदा फोन लावला. आवाज कसा जातो ते मला तपासायचं होतं, म्हणून त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि फोन मोठ्या आवाजावर टाकला. तिकडे कडी वाजलेली ऐकू आली. मग त्यांच्या घरातला पंखा. बाहेर कुठेतरी भाजीवाला.

"शैला," भाऊ म्हणाले. "मी बोलतोय."

भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज. मग पावलं जवळ आली.

"कोन?" वहिनींचा आवाज. दारात आलेल्या परक्या माणसाशी बोलताना असतो तसा, डोक्यावर पदर घेतलेला.

"मी."

"घरात कुनी न्हाई वो. आमचे ह्ये कामाला गेल्यात. सहाला येत्यात." मग आवाज जरा मऊ झाला. "लय येळ न्हाई लावत. सहा म्हंजी सहाला येत्यात. तवा या तुमी. च्या घिऊन जावा."

भाऊंनी फोन दोन्ही हातांत धरला होता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ते पुन्हा आपलं नाव सांगतील, ओळख पटवतील, असं मला वाटलं.

"बरं वैनी," ते म्हणाले. "सहाला येतो."